झिप उलगडताना संगणक काय करतो?

वर्डमध्ये तयार केलेली कोणतीही 'डॉकएक्स' फाइल घ्या आणि ती नोटपॅडमध्ये उघडून पाहा. पडद्यावर अगम्य चिन्हांचा सडा पडेल. पण अगदी सुरुवातीला रोमन लिपीतली दोन अक्षरे स्वच्छ वाचता येतील, 'पी' आणि 'के'. एक्सेलची 'एक्सएलएसएक्स', ई-बुकची 'ईपब', अँड्रॉइड अ‍ॅपची 'एपीके' या फायलींची सुरुवातही याच दोन अक्षरांनी होते. नावे निरनिराळी असली तरी मुळात या सगळ्या झिप फायली आहेत आणि ही अक्षरे म्हणजे झिपचे जनक फिल कॅट्झ यांची आद्याक्षरे.

म्हणजे ज्यांनी कधी झिपवर राइट-क्लिक केले नाही, तेही दिवसातून अनेकदा झिप उलगडत असतात. ते काम पडद्याआड चालते इतकेच. ईमेलमधून आलेली झिप मात्र आपली आपल्यालाच उलगडावी लागते. 'एक्स्ट्रॅक्ट ऑल' म्हणायचे, पट्टी पुढे सरकते, नवा फोल्डर तयार होतो. बहुतेकांची समजूत अशी, की फायली आत दाबून भरलेल्या असतात आणि आपण त्या बाहेर काढतो. प्रत्यक्षात मूळ फाइल झिपमध्ये नसतेच. तिथे असतात त्या ती फाइल पुन्हा लिहून काढण्याच्या सूचना. संगणक त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतो आणि फाइल नव्याने लिहितो. एवढे लक्षात घेतले, की झिप वापरताना पडणारी बरीचशी कोडी सुटतात.

मागचे पाहून पुढचे लिहायचे

अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेतले गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये माहिती मोजण्याचे शास्त्र मांडले. मजकुरात नवे किती आणि आधीच्यावरून ओळखता येण्याजोगे किती, हे गणिताने सांगता येते, असे त्यांनी दाखवले. ओळखता येण्याजोगा भाग गाळला तरी माहिती हरवत नाही. नव्याला मात्र एका मर्यादेपलीकडे आक्रसता येत नाही. मर्यादा कळली, पण तिच्याजवळ पोचायचे कसे? इस्रायलमधील हैफाच्या टेक्निऑन संस्थेतले जेकब झिव आणि अब्राहम लेम्पेल यांनी 1977 मध्ये त्याची एक युक्ती प्रसिद्ध केली.

ती युक्ती आपल्या आरतीसंग्रहांत फार पूर्वीपासून आहे. पहिल्या कडव्यानंतर ध्रुपद पूर्ण छापायचे आणि पुढच्या प्रत्येक कडव्यानंतर नुसती 'ध्रु.' अशी खूण करायची. म्हणणाऱ्याची नजर वर जाते आणि ध्रुपद पुन्हा पूर्ण म्हटले जाते. झिव आणि लेम्पेल यांच्या पद्धतीत खुणेऐवजी दोन आकडे असतात: किती मागे जायचे आणि तिथून किती उतरवून घ्यायचे.

एखाद्या यादीत 'जिल्हा परिषद पुणे, जिल्हा परिषद सातारा' असे लिहिलेले आहे असे समजा. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी सारे काही, तीन बाइट जागा घेते. हिशेब केला तर दुसरे 'जिल्हा परिषद' पहिल्यापासून बरोबर 49 बाइटांवर सुरू होते आणि पुढच्या मोकळ्या जागेसह त्याची लांबी 35 बाइट भरते. तेव्हा 'मागे 49 जा, 35 उतरव' एवढी सूचना पुरावी. पण प्रोग्रॅम आणखी दोन बाइट पदरात पाडून घेतो. 'पुणे'तला 'प' आणि 'सातारा'तला 'स' ही अक्षरे आपल्याला वेगळी दिसत असली, तरी त्यांचे पहिले दोन बाइट एकच आहेत. त्यामुळे सूचना '49 मागे, 37 उतरव' अशी होते. हे 37 बाइट म्हणजे 296 बिट. झिपच्या ठरीव तक्त्यानुसार ही सूचना अवघ्या 19 बिटांत बसते.

यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट 224 असतो आणि दुसरा 164 किंवा 165. तीनपैकी दोन बाइट जवळजवळ ठरलेलेच. मराठी मजकूर इंग्रजीपेक्षा जास्त जागा खातो, ही तक्रार खरी आहे. पण झिप करताना त्यातला मोठा भाग पुनरुक्ती म्हणून गळून पडतो.

उरलेले काम डेव्हिड हफमन यांच्या पद्धतीने होते. 1951 मध्ये ते एमआयटीत शिकत होते. रॉबर्ट फॅनो या प्राध्यापकांनी वर्गाला परीक्षा किंवा निबंध असा पर्याय दिला होता. निबंधाचा विषय होता, चिन्हांना कमीत कमी बिटांचे संकेत कसे द्यावेत. यावर फॅनो आणि शॅनन यांची पद्धत होती, पण ती दर वेळी सर्वोत्तम उत्तर देत नसे. हफमन यांनी प्रश्न उलट्या बाजूने धरला: सगळ्यात क्वचित येणाऱ्या दोन चिन्हांची जोडी बांधायची, मग पुढच्या दोघांची, असे वर चढत जायचे. सतत येणाऱ्या चिन्हाला आखूड संकेत मिळतो, क्वचित येणाऱ्याला लांब; आणि एकही संकेत दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळत नसल्याने मध्ये स्वल्पविरामाचीही गरज पडत नाही. विद्यार्थ्याचे उत्तर प्राध्यापकांच्या उत्तरापेक्षा सरस ठरले.

खटल्यातून जन्मलेली झिप

या दोन कल्पना एकत्र आणणारे कॅट्झ अमेरिकेतल्या मिलवॉकीचे. मोडेमवरून फाइल पाठवायला तासन् तास लागत, तेव्हाच्या काळात 'आर्क' नावाचा प्रोग्रॅम प्रचलित होता. कॅट्झ यांनी त्याच्यापेक्षा वेगवान प्रोग्रॅम लिहिला, तेव्हा 'आर्क'च्या कंपनीने 1988 मध्ये त्यांच्यावर दावा लावला. तडजोड झाल्यावर कॅट्झ यांनी स्वतःचे नवे स्वरूप आखले. 1989 मध्ये आलेली झिप ती हीच. तिची रचना त्यांनी सर्वांसाठी खुली केली; झिप वाचणारा प्रोग्रॅम कुणीही, परवानगी न मागता लिहू शकत होता. 1993 च्या आवृत्तीत 'डिफ्लेट' ही पद्धत आली. आजही बहुतेक झिप फायली, पीएनजी चित्रे आणि ब्राउझरपर्यंत येणारी असंख्य वेबपाने याच पद्धतीने आक्रसलेली असतात. कॅट्झ 2000 मध्ये वयाच्या अवघ्या 37 व्या वर्षी वारले. झिप जगभर टिकली ती मात्र सर्वांत जास्त आक्रसते म्हणून नाही. त्या बाबतीत तिला कधीच मागे टाकले गेले. ती टिकली खुल्या रचनेमुळे.

यादी शेवटी असते

उलगडताना संगणक एकेक संकेत वाचतो. नवे चिन्ह असेल तर लिहितो. 'मागे जा' असे असेल तर नुकत्याच लिहिलेल्या 32,768 बाइटांत मागे जाऊन तेवढा तुकडा उतरवतो. झिप करताना पुनरुक्ती शोधत बसावे लागते; उलगडताना शोधायचे काही नसते, नुसते उतरवायचे असते. म्हणून उलगडणे हे झिप करण्यापेक्षा बरेच लवकर उरकते. फाइल लिहून झाली, की तिच्यावरून 32 बिटांचा एक ताळा काढला जातो आणि झिपमध्ये नोंदलेल्या ताळ्याशी तो पडताळला जातो. बिघडलेली फाइल योगायोगाने या ताळ्यात बसण्याची शक्यता सुमारे 429 कोटींत एक आहे. 'सीआरसी एरर' असा संदेश येतो तो हा ताळा न जुळल्यामुळे.

आत कोणत्या फायली आहेत याची मुख्य यादी झिपच्या शेवटी असते. नवी फाइल भरताना आधीचे सगळे पुन्हा लिहावे लागू नये, यासाठी ही सोय. तिचा परिणाम असा, की डाउनलोड 99 टक्क्यांवर तुटले तरी विंडोज 'फाइल अवैध आहे' म्हणून हात वर करते. कारण हरवलेल्या एका टक्क्यात यादीच गेलेली असते. अशा वेळी व्हायरसचा संशय घेण्याआधी फाइलचा आकार पाहावा आणि ती पुन्हा उतरवून घ्यावी.

ही यादी काही न उलगडता वाचता येते. त्यामुळे झिपवर डबल-क्लिक केले, की आतल्या फायली साध्या फोल्डरासारख्या दिसतात आणि फसगत होते ती इथेच. त्यातली एक फाइल उघडली, तर विंडोज तेवढीच एक फाइल तात्पुरत्या जागी लिहून दाखवते. तिच्यात तासभर केलेले बदल झिपमध्ये परत जातीलच असे नाही. आतला सेटअप प्रोग्रॅम तिथूनच चालवला तर तो अनेकदा अडतो, कारण त्याला लागणाऱ्या शेजारच्या फायली अजून लिहिल्याच गेलेल्या नसतात. आधी सगळे उलगडावे, मग काम सुरू करावे. तुकड्यांत आलेल्या झिपचे किंवा 'रार' या झिपसारख्याच दुसऱ्या प्रकारच्या फाइलचेही तसेच. सगळे तुकडे एका फोल्डरात हवेत. रार असेल तर पहिल्या तुकड्यावर क्लिक केले, की बाकीचे प्रोग्रॅम शोधून घेतो.

मराठी नावांचा घोळही जुनाच. मूळ झिपमध्ये नावांसाठी आयबीएमच्या पहिल्या पीसीची चिन्हमाला होती. तिच्यात देवनागरी नव्हती. यूटीएफ-8 नावांची अधिकृत सोय 2006 मध्ये आली. ती न पाळणाऱ्या प्रोग्रॅमने बनवलेल्या किंवा उलगडलेल्या झिपमध्ये 'अर्ज' आणि 'ठराव' यांच्या जागी चित्रविचित्र चिन्हे दिसतात. बिघडते ते फक्त नाव. आतला मजकूर शाबूत असतो.

रार, सेव्हन-झिप आणि मर्यादा

युजीन रोशाल यांचे 'रार' 1993 चे. इगोर पावलोव यांचे 'सेव्हन-झिप' 1999 चे, मोफत आणि खुले. विंडोज 11 मध्ये 2023 पासून या दोन्ही प्रकारच्या फायली वेगळा प्रोग्रॅम न घालता उलगडता येतात. सेव्हन-झिपची पद्धत 32 हजारांऐवजी कोट्यवधी बाइट मागे पाहू शकते, शिवाय अनेक फायली सलग एकच समजून आक्रसते. त्यामुळे जागा आणखी वाचते, पण त्याची किंमत असते. झिपमध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्र असल्याने एक बिघडली तरी बाकीच्या वाचतात. सलग पद्धतीत एका जागचा बिघाड त्यापुढच्या फायलींनाही भोवतो.

फोटो आणि व्हिडिओ झिप करून मात्र जवळपास काहीच हाती लागत नाही. जेपीजी आणि एमपी4 आधीच आक्रसलेले असतात. शिवाय प्रत्येक फाइल लहान करणारा प्रोग्रॅम गणितातच बसत नाही. एक हजार बिटांच्या जितक्या वेगवेगळ्या फायली असू शकतात, त्यांच्यापेक्षा हजाराहून कमी बिटांच्या फायली संख्येने कमीच भरतात. सगळ्यांना लहान केले तर दोन फायलींच्या सूचना एकच होतील आणि उलगडताना मूळ कोणती, हे सांगता येणार नाही. तेव्हा 'काहीही निम्म्यावर आणतो' असा दावा करणाऱ्या जाहिरातीपासून दूर राहिलेले बरे.

सूचना कुणी लिहिल्या?

झिप म्हणजे सूचना, आणि सूचना दुसऱ्या कुणी तरी लिहिलेल्या असतात. धोका याच ठिकाणी आहे. '42.झिप' ही सुमारे 42 किलोबाइटची कुप्रसिद्ध फाइल थरामागून थर उलगडत गेली, तर साडेचार पेटाबाइट, म्हणजे 45 लाख गिगाबाइट होते. डेव्हिड फिफील्ड यांनी 2019 मध्ये 46 मेगाबाइटची अशी झिप बनवून दाखवली, की ती एकाच थरात तेवढी फुगते. दुसरा प्रकार 2018 मध्ये गाजला. फाइलच्या नावातच 'दोन टिंबे आणि तिरकी रेघ' घालून 'वरच्या फोल्डरात जा' अशी आज्ञा दडवायची. बेसावध प्रोग्रॅम मग फाइल भलत्याच ठिकाणी लिहून मोकळा होतो. यावर उपाय म्हणजे उलगडणारा प्रोग्रॅम अद्ययावत ठेवणे आणि अनोळखी झिपला हात न लावणे.

पासवर्डचेही तारतम्य हवे. झिपचे जुने कुलूप 1994 मध्येच एली बिहाम आणि पॉल कोचर यांनी फोडून दाखवले. गोपनीय कागदांसाठी एईएस-256 या मजबूत कुलपाचा पर्याय निवडावा आणि तरीही साध्या झिपमध्ये फायलींची नावे उघडी राहतात हे विसरू नये. रुग्णाचे किंवा पक्षकाराचे नाव फाइलच्या नावात असेल तर पासवर्ड घालूनही ते कुणालाही वाचता येते. आधारची ऑफलाइन ई-केवायसी फाइल झिप स्वरूपातच मिळते आणि ती चार अक्षरी शेअर कोडने उलगडते. फाइल आणि कोड एकाच ईमेलमध्ये पाठवले तर कुलपाला किल्ली बांधून दिल्यासारखेच.

संस्थांचे जुने अहवाल, घरचे हिशेब, स्कॅन केलेली कागदपत्रे झिप करून ठेवण्याची पद्धत आता रुळली आहे. ती चांगलीच आहे; फक्त झिप झाल्या झाल्या मूळ फायली पुसू नका. सेव्हन-झिपमध्ये 'टेस्ट' हे बटण आहे, ते सगळे ताळे तपासून देते. ते नसेल तर झिप वेगळ्या फोल्डरात एकदा पूर्ण उलगडा आणि दोनचार फायली उघडून पाहा. मगच मूळ फायलींना रजा द्या.