मत्स्यबीज सोडण्यापूर्वी शेततळ्याच्या तळाची व दगडांची सफाई

बुलढाणा जिल्ह्यातील पुष्कळ शेततळी वैशाखात आटतात. तळ उघडा पडला म्हणजे तळे रिकामे झाले असे वाटते. परंतु मत्स्यपालनाच्या दृष्टीने ते तसे नसते. काठाच्या दगडी पिचिंगच्या ओलसर फटींत गोगलगायी दडलेल्या असतात, आणि तळाच्या चिखलात मरळ तग धरून असते. मरळ हवेतूनही श्वास घेत असल्याने नुसते पाणी उपसून ती मरत नाही. पावसाचे पाणी साचले की ती बाहेर पडते व कर्ज काढून आणलेली बोटुकली फस्त करते. शेतकऱ्यास मात्र बीजच निकृष्ट होते असे वाटते.

पूर्वी कटला, रोहू, मृगळ यांचे बीज नदीतून गोळा करीत. त्यात नको ते मासे मिसळूनच येत. दि. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी संप्रेरकाचे टोचण देऊन कार्प जातीच्या माशांचे प्रजनन घडवून आणले आणि शुद्ध बीजाची वाट मोकळी झाली. असे शुद्ध बीज अशुद्ध तळ्यात सोडणे म्हणजे निवडलेले बियाणे तणात पेरणेच होय.

सर्वांत स्वस्त औषध ऊन हे आहे. तळाच्या काळ्या मातीस भेगा पडेपर्यंत तळे वाळू द्यावे. सुटे दगड काढून, खरवडून उन्हात पसरावे. गोगलगायी हाताने वेचून दूर खड्ड्यात पुराव्या. काही जातींच्या गोगलगायी शिंपल्याचे झाकण मिटून दीर्घकाळ कोरड्यातही जगतात, म्हणून वेचणी टाळू नये. गुरांच्या यकृतातील पर्णकृमीची वाढ काही गोगलगायींच्या शरीरातच होते, हेही ध्यानात ठेवावे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात फावडे चालवू नये. गाळ घमेल्याने व मऊ झाडूने काढावा.

पाणी आटतच नसेल तर मोहाची पेंड वापरावी. तिच्यातील सॅपोनिन कल्ल्यांवाटे रक्तात जाऊन मासे मारते. प्रमाण दर घनमीटर पाण्यास २५० ग्रॅम. म्हणजे २० मीटर लांब, २० मीटर रुंद व सरासरी अर्धा मीटर खोल पाण्यास ५० किलो पेंड लागते. ती रात्रभर भिजवून सर्वत्र पसरावी. विषाचा अंमल दोन ते तीन आठवडे राहतो; तोवर गुरांस ते पाणी पाजू नये व ते नाल्यात सोडू नये. पुढे पेंडीचे खत होते. पिकावर फवारावयाची कीटकनाशके मात्र तळ्यात कदापि टाकू नयेत.

शाळेतील काचेच्या मत्स्यपेटीतील खड्यांवर उकळते पाणी ओतून ते घासून घ्यावे. साबण लावू नये, त्याचा अंश माशांस बाधतो.

तळे भरल्यावर सर्व बीज एकदम सोडू नये. बारीक जाळीच्या हाप्यात दहा-वीस बोटुकली ठेवून एक दिवस पाहावे. ती तरतरीत राहिली तरच उरलेले बीज सकाळच्या थंड वेळी सोडावे.