एका वेळी सहा चाली!

दोस्तांनो, नवरात्रात चांदवडला रेणुकामातेच्या आरतीला उभे राहा. कुणाचा आवाज जाडाभरडा, कुणाचा किनरा, पण चाल सगळ्यांची एकच! आता समजा, सहा गटांनी एकाच वेळी सहा वेगवेगळ्या चाली धरल्या, तर? गोंगाटच की! पण साडेचारशे वर्षांपूर्वी युरोपातल्या चर्चमध्ये असं गात, आणि ते कानाला गोड लागे.

कसं ते करूनच बघा. तुम्ही सावकाश सा, रे, ग म्हणत वर चढा. तुम्ही 'ग'वर पोचलात, की मित्राने 'सा' धरायचा. तुम्ही 'म'वर, तेव्हा तो 'रे'वर. स्वर वेगळे, तरी भांडण नाही! तुम्ही वरच्या 'सा'वर थांबून राहा. मित्र 'नी'वर आला की कानाला किंचित टोचेल आणि तो 'सा'ला येऊन मिळाला की हायसं वाटेल. हे टोचणं नि सुटणं म्हणजे त्या गाण्याचा जीव, बरं का!

रोमचा पॅलेस्ट्रिना यात उस्ताद. लहानपणी तो स्वतः चर्चच्या गायक मुलांत होता. त्या काळी तक्रार अशी, की चालींच्या गुंत्यात प्रार्थनेचे शब्दच कळत नाहीत. 1562 मध्ये धर्मगुरूंच्या सभेत यावर चर्चाही झाली. पॅलेस्ट्रिनाने सहा आवाजांची एक 'मिस्सा', म्हणजे चर्चमधल्या उपासनेचं संगीत, रचून हे गाणं वाचवलं, अशी गोष्ट सांगतात. तिला पुरावा नाही. पण 1567 मध्ये छापलेल्या त्या रचनेत बऱ्याच जागी सगळे आवाज एकदमच शब्द उच्चारतात, म्हणून ते स्वच्छ ऐकू येतात, हे मात्र खरं.

आणि हे गाणं काही फक्त रोमचं राहिलं नाही. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतला, त्यांच्यामागून चर्चचं संगीतही आलं. चर्चच्या शाळांत गोव्याची मुलं दो-रे-मी शिकली. पुढे तिथल्याच लोकांनी कोकणीत 'मोटेट' रचले. ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत ते गायले जातात.

ऐकताना सगळं एकदम पकडायला जाऊ नका. आधी सगळ्यात खालचा, जाड आवाज निवडा आणि जत्रेत बाबांचं बोट धरावं तसं शेवटपर्यंत त्याच्याच मागे जा. मग पुन्हा लावा आणि वरचा आवाज धरा. तिसऱ्यांदा दोन्ही.

सहा आवाज जमले, की इंग्लंडच्या टॉमस टॅलिसची एक रचना ऐका. त्यात आवाज आहेत 40! आता धरा कुणाचं बोट धरता ते!