बोटाकडून ओठांकडे

बालभाषेची वाटचाल : लेखांक ६

बाळाच्या बडबडीतून शब्द कसे आकार घेतात, ते गेल्या आठवड्यात पाहिले. या वेळी ओठांवरची नजर हातांकडे वळवू. वर्षाच्या आतबाहेरचे मूल पंख्याकडे बोट दाखवते, उचलून घ्यावे म्हणून दोन्ही हात वर करते, नको असले की मान हलवते. अजून बोलता येत नाही म्हणून ते हातांवर भागवते, असे आपण धरून चालतो. ही समजूत अपुरी आहे. हातवारे हा बोलायला शिकण्याचाच भाग आहे आणि मुलाच्या इवल्या स्मरणशक्तीला त्यांचा मोठा आधार असतो.

जाना आयव्हर्सन आणि सुसान गोल्डिन-मेडो या अमेरिकी संशोधिकांनी १० मुलांचे निरीक्षण दहाव्या महिन्यापासून चोविसाव्या महिन्यापर्यंत केले. त्यांचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. मूल आधी हाताने दाखवी त्या बऱ्याच वस्तूंची नावे सरासरी तीन महिन्यांनी त्याच्या तोंडी आली. पक्ष्याकडे बोट आणि तोंडाने फक्त ‘झोप’, अशी जोडणी ज्यांनी आधी केली, तीच मुले दोन शब्द जोडून आधी बोलू लागली. असे का व्हावे? ‘पक्षी झोपला’ म्हणायचे तर दोन कल्पना एकाच वेळी मनात धराव्या लागतात आणि दोन्हींचे शब्दही आठवावे लागतात. बोटाने पक्षी दाखवला की निम्मे ओझे उतरते. मोठ्या वयातही हे दिसते. २००१ मधल्या एका प्रयोगात मुलांना आणि प्रौढांना एक यादी लक्षात ठेवून गणित समजावून सांगायला लावले. हातवारे केले तेव्हा त्यांना यादीतले अधिक आठवले.

आठवण आणि शब्द यांचे नाते २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या न्यूझीलंडच्या एका प्रयोगात आणखी स्पष्ट होते. गॅब्रिएल सिमकॉक आणि हार्लीन हेन यांनी सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांना एक ‘जादूचे यंत्र’ दिले. वरून खेळणे टाकून दांडा फिरवला की तेच खेळणे लहान होऊन बाहेर येई. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने मुलांनी यंत्र कसे चालवायचे ते करून दाखवले. सांगताना मात्र त्यांनी प्रसंगाच्या वेळी येत होते तेवढेच शब्द वापरले, मधल्या काळात शिकलेला एकही नाही. म्हणजे अनुभव घडत असतानाच शब्द हाती असणे मोलाचे. बोट दाखवून मूल नेमका तोच क्षण मोठ्यांच्या ध्यानात आणून देते.

यावर रास्त शंका अशी की, बोलक्या घरातली मुले हातवारेही जास्त करतात आणि बोलतातही जास्त. मग श्रेय हातांना कशाला? केवळ निरीक्षणातून याचे उत्तर मिळत नाही. म्हणून २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दीड वर्षाच्या आसपासच्या मुलांना चित्रांवर बोट ठेवायला मुद्दाम सांगितले गेले. ती मुले एरवीही अधिक हातवारे करू लागली आणि या वाढीचा संबंध पुढच्या शब्दसंग्रहाशी आढळला. मुले मोजकीच होती, त्यामुळे हा शेवटचा शब्द नव्हे. पण दिशा तीच आहे. खुणांनी काम भागले तर मूल बोलायचा आळस करील, ही दुसरी भीती. २०१३ च्या एका ब्रिटिश अभ्यासात ठरावीक खुणा शिकवलेली बाळे बोलण्यात मागे पडली नाहीत, पुढेही गेली नाहीत. तेव्हा खुणांचे वर्ग लावण्याची गरज नाही. मूल आपणहून जे दाखवते, त्याला दाद मिळणे महत्त्वाचे.

म्हणून आईवडिलांना, आजी-आजोबांना आणि पाळणाघरातल्या ताईंना सांगणे एवढेच : मुलाने बोट दाखवले की वस्तू नुसती हातात देऊ नका, तिचे नाव घ्या, तिच्याबद्दल एखादे वाक्य बोला. आणि वर्ष उलटूनही मूल बोट दाखवत नसेल, टाटा करत नसेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.