सैनिकाची पेटी : इतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

दलित समाजाच्या सैनिकी परंपरेविषयी बोलावयाचे झाले की आपण कोरेगावच्या स्तंभापासून सुरुवात करतो आणि बहुधा तेथेच थांबतो. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे त्या स्तंभावर आहेत आणि त्यांतील २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. हा पुरावा मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु स्तंभ कंपनी सरकारने आपल्या विजयासाठी उभारला. तो मेलेल्यांची नावे सांगतो. जे जगले, पेन्शन घेऊन गावी परतले, ज्यांच्या पोरांनी पुढे चळवळ केली, त्यांच्याविषयी तो काही सांगत नाही. त्यांचा इतिहास त्यांच्या पत्र्याच्या पेटीत आहे.

ही पेटी आज कोठे आहे? दापोली, महाड, मंडणगड, खेड या भागांतून माणसे मुंबईच्या चाळींत आली आणि १९७० नंतर सिडकोने नवे शहर वसवले तेव्हा त्यांतील पुष्कळजण वाशी, नेरूळ, ऐरोलीला आले. पेटीही माळ्यावरून माळ्यावर फिरत आली. आता सिडकोच्या जुन्या इमारती पाडून तेथे मनोरे उभे राहात आहेत. घर रिकामे करताना जे पहिल्यांदा भंगारवाल्याकडे जाते त्यात ही गंजकी पेटी असते. म्हणून हा विषय आजच मांडणे भाग आहे.

पेटीत सापडते ते थोडकेच : एखादे पदक, टोपीवरचा बिल्ला, पितळेची बटणे, पाण्याची बाटली, घडीवर फाटलेला डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक. पहिल्या महायुद्धाचे पदक हाती आले तर लोक त्यावरचा राजा पाहतात. पाहावयाची असते ती त्याची कड. तेथे बारीक इंग्रजी अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. एकट्या त्या ओळीवरून माणूस शोधता येतो. मग धातू पाहावा. लढणाऱ्या शिपायाला ब्रिटिश युद्धपदक चांदीचे मिळे, मजूर पलटणीतल्यांना तेच पदक काशाचे. रणभूमीवरही श्रमाची प्रतवारी होती, ती धातूत उतरली. चांदीची पदके अडीनडीला सोनाराच्या काट्यावर जाणे सोपे होते. काशाला कोण विचारतो? तेव्हा घरात उरलेले काळपट पदक क्षुल्लक समजू नये.

पण पदकापेक्षा कागद अधिक बोलतो. डिस्चार्जवर गाव, जात, अंगावरच्या खुणा, नोकरीची वर्षे, वर्तणूक हे सारे नोंदलेले असे. खाली सही आहे की अंगठा, हे अवश्य पाहावे. लष्करी शाळांमुळे अस्पृश्य शिपायांच्या घरांत अक्षर शिरले ते गावच्या शाळेचे दार उघडण्याच्या कितीतरी आधी. सुभेदार रामजी सकपाळ अशाच शाळेत शिक्षक होते. ‘विटाळ विध्वंसन’ लिहिणारे गोपाळ बाबा वलंगकर हे पेन्शनर सैनिक. १८९२-९३ च्या सुमारास सरकारने महारांची भरती बंद केली, तेव्हा वलंगकरांनी १८९४ मध्ये अर्ज तयार केला आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. आमच्या बापजाद्यांनी तुमची चाकरी केली आहे, हा त्या अर्जांतील मुख्य मुद्दा होता. घराच्या पेटीतला कागद अशा रीतीने हक्काच्या मागणीचा पुरावा झाला. (वलंगकरांच्या अर्जातील क्षत्रियत्वाचा दावा आज आपणास पटणार नाही. तो त्या काळाच्या मर्यादेसह वाचावा.)

या वस्तूंचा अभिमान बाळगताना एक गोष्ट विसरता कामा नये. ज्या हाताने संगीन धरली त्याच हातात गावी परतल्यावर येसकराची काठी दिली जाई. वतनाची ही कामे कायद्याने बंद व्हायला १९५८ साल उजाडले. सरकारी पाण्याची बाटली कमरेला लावून जो मैलोनमैल चालला, त्याला महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरता येत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर तळ्याकडे निघालेल्यांत पेन्शनर सैनिक होते याचे मग नवल वाटत नाही. त्याच वर्षाच्या १ जानेवारीला बाबासाहेब कोरेगावला जाऊन आले होते. पलटणीने समता दिली असे मी म्हणणार नाही. साम्राज्याने आपल्या सोयीने भरती केली आणि सोयीनेच काढून टाकले. १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण १९२१ मध्ये मोडली, हे त्याचेच उदाहरण. परंतु माणूस म्हणून ताठ चालण्याची सवय मोडता आली नाही.

१९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या बिल्ल्यावर प्रथम कोरेगावचा स्तंभ होता, पुढे त्या जागी खंजीर आला. स्तंभाचा बिल्ला सापडला तर तो जुना समजावा.

विद्यार्थ्यांना व कार्यकर्त्यांना सुचवावेसे वाटते की पदक चिंचेने किंवा ब्रासोने घासू नये, कडेची अक्षरे झिजतात. कागदाला चिकटपट्टी लावू नये, प्लॅस्टिकमध्ये बंद करून लॅमिनेट तर मुळीच करू नये. आधी फोटो घ्यावा, दोन्ही बाजूंचा. वस्तू घरातून मागून आणू नये, ती घरच्यांचीच राहू द्यावी. आणि चौकशी नातवाकडे करून भागत नाही. विधवा झाल्यावर पेन्शनसाठी कचेरीचे खेटे घातले ते आजीने. वाचता येत नसताना तो कागद लुगड्याच्या फडक्यात बांधून तिनेच राखला. कोणत्या कचेरीत कोणी काय विचारले, किती दिवस बसवून ठेवले, हे तिने लेकीसुनांना सांगितलेले असते. ते वहीत उतरवून कागदाच्या नकलेला जोडावे आणि सांगणारीचे नाव, गाव व तारीख खाली लिहावी.