पँटीवर लिहिलेला पत्ता

जीन्स हे मुळात एका बंदराचं नाव आहे! इटलीच्या वायव्येला समुद्रकाठी लिगुरिया नावाचा प्रांत आहे. त्याची राजधानी जिनोआ, आणि फ्रेंच लोक तिला 'झेन' म्हणतात. तिथल्या दणकट कापडाचं झालं 'जीन', आणि पुढे पँटीची झाली जीन्स. बेंगळुरूच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात मशीन शॉपची शिफ्ट सुटते, तेव्हा मेट्रोचा जिना चढणारी कितीतरी पोरं लिगुरियाचा पत्ता अंगावर घेऊन घरी निघालेली असतात.

लिगुरियन हा शब्द जीन्सपेक्षा फार जुना. तिथल्या प्राचीन लोकांना ग्रीक 'लिग्युएस' म्हणत, रोमन 'लिगुरेस'. पण एकटा माणूस असला, तर लॅटिनमध्ये तो 'लिगुस'. मग 'स'चा 'र' कुठून आला? दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला 'स' जुन्या लॅटिनमध्ये 'र' झाला. शाळेतली विसर्गसंधी आठवा: निः + आशा = निराशा. तसाच काहीसा प्रकार. मूळ अर्थाबद्दल पंडितांत एकमत नाही. काही जण चिखल-गाळ अशा अर्थाच्या केल्टिक शब्दाशी त्याचं नातं जोडतात.

 

आता जीन्सचा पायचा उलटून बघा. बाहेरून निळी, आतून पांढुरकी. ताण्याचे धागे निळीत रंगवलेले, बाण्याचे कोरे. ही वीण डेनिमची, आणि ते नाव फ्रान्समधल्या नीम शहरावरून आल्याचं मानतात. जुन्या 'जीन' कापडात ताणा-बाणा एकाच रंगाचे असत. म्हणजे आज आपण जीन्स म्हणून घालतो ते कापड खरं तर डेनिम! खिशांना तांब्याचे रिव्हेट ठोकण्याचं पेटंट लेव्ही स्ट्रॉस आणि जेकब डेव्हिस यांना 1873 साली मिळालं.

माझा सगळ्यात लाडका शब्द मात्र आपल्या मुंबईचा आहे. डंगरी! डोंगरीच्या आसपास विकलं जाणारं जाडंभरडं सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी उचललं आणि 17व्या शतकापासून हे नाव त्यांच्या नोंदींत दिसू लागलं. त्या कापडाची शिडं झाली, खलाशांचे कपडे झाले, आणि शेवटी कामगारांचा पोशाखच डंगरी म्हणून ओळखला जाऊ लागला. जिनोआसारखंच डोंगरीही जगभरच्या कष्टकऱ्यांच्या अंगावर चढलं. या मानाची आठवण डोंगरीत एखाद्या पाटीवर तरी असायला हवी.

जीन्सच्या निळ्या रंगाचं नावही भारतावरूनच आलं: 'इंडिगो' म्हणजे भारतातली वस्तू. आणि पीण्याच्या याच बेंगळुरूत पिढीजात रंगारी भावसार आणि कापड शिवणारे नामदेव शिंपी आजही घरात मराठी बोलतात.