अंधाराला न आकळलेला प्रकाश

'फोटो काढणे' हे आता इतके मराठी झाले आहे की, हा फोटो मूळचा कुठला, हे विचारावेसे कुणाला वाटत नाही. 'फोस' म्हणजे ग्रीक भाषेत प्रकाश. त्याचे षष्ठीचे रूप 'फोतोस', आणि त्यावरून हा फोटो. पण हा शब्द अगदीच परका नव्हे. आपल्या प्रभा, आभा, भास्कर या घरोघरच्या नावांतला संस्कृत 'भा' धातू आणि 'फोस' हे एकाच कुळातले भाऊबंद आहेत.

ख्रिस्ती लोकांच्या 'नव्या करारा'तील योहानाचे शुभवर्तमान ग्रीक भाषेत लिहिलेले आहे. त्यात या शब्दाला फार मान आहे. बाप्तिस्मा देणारा दुसरा योहान मोठा सत्पुरुष खरा. पण तो 'फोस' नव्हे, असे पहिल्याच अध्यायात बजावले आहे. पुढे पाचव्या अध्यायात त्याला 'लुख्नोस' म्हटले आहे. लुख्नोस म्हणजे तेलवातीचा दिवा. तो कुणीतरी लावावा लागतो आणि तेल सरले की विझतो. 'फोस' हे नाव येशूसाठी राखलेले आहे.

खरी मौज पहिल्या अध्यायाच्या पाचव्या वचनात आहे. प्रकाश अंधारात तळपत आहे, असे सांगून ग्रंथकार अंधाराविषयी एक क्रियापद योजतो : 'कातालाम्बानो'. त्याचा मूळ अर्थ घट्ट धरणे. हाताने धरले तर पकडणे, बुद्धीने धरले तर समजणे. मग अंधाराला काय जमले नाही? प्रकाशाला पकडणे, की ओळखणे?

१६११ च्या प्रसिद्ध इंग्रजी भाषांतरातला शब्द वाचून आजचा वाचक 'अंधाराला प्रकाश समजला नाही' असे म्हणेल. १९४६ च्या सुधारलेल्या भाषांतरात 'अंधाराने त्याच्यावर मात केली नाही' असा अर्थ आला. पुरावा दोन्ही बाजूंना आहे. जगाने त्याला ओळखले नाही, अशी खंत त्याच अध्यायात पुढे आहे. आणि बाराव्या अध्यायात अंधार माणसाला गाठतो, तेथे हेच क्रियापद आहे. एका अर्थात दुःख आहे, दुसऱ्यात धीर. ग्रीक वाचकाला दोन्ही एकदम मिळत. भाषांतरकाराला बहुधा एकाला मुकावे लागते.

मराठीला मात्र ही अडचण तितकीशी नाही. 'इंद्रिये आकळणे' म्हणजे ती ताब्यात आणणे, आणि 'अर्थ आकळणे' म्हणजे तो समजणे. अंधाराला प्रकाश आकळला नाही, एवढे म्हटले की दोन्ही अर्थ पदरात पडतात.

व्याकरणाची आणखी एक गंमत आहे. अंधाराचे क्रियापद भूतकाळी आहे; प्रकाशाचे वर्तमानकाळी. अंधाराची धडपड होऊन गेली. तळपणे अजून चालू आहे. आपल्या दारातली पणती 'लुख्नोस'च. पहाटेपर्यंत तिचे तेल सरणार. पण अमावास्येच्या रात्री ती लावण्याचा धीर माणसाला कुठून येतो, हे त्या दोन काळांनी थोडक्यात सांगून ठेवले आहे.