पहिलीआधीचं पाऊल

पहिलीत जाण्याआधी मुलाची तयारी घरीही व्हावी, यासाठी महाराष्ट्रात २०२२ मध्ये ‘शाळापूर्व तयारी अभियान – पहिले पाऊल’ सुरू झालं. शाळेत मेळावा भरतो. तिथे मूल रेषेवरून चालतं, चित्र पाहून गोष्ट सांगतं. त्याला काय जमतं, याची विकासपत्रावर नोंद होते. खरं काम त्यानंतरचं. वस्तीतल्या आया गट करून बसतात आणि शाळेनं सुचवलेल्या कृती मुलांकडून करून घेतात. मिसळलेले मूग-चवळी वेगळे करणं, भाकऱ्या मोजणं. शाळेची पायरी न चढलेल्या आईलाही हे जमतं, हे फार मोलाचं.

पालकांचा वाटा घरापुरताच नाही, शाळेच्या कारभारातही आहे. सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत शिक्षण हक्क कायद्यानुसार किमान ७५ टक्के पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. तुमच्या शाळेत पुढची बैठक कधी आहे, मुख्याध्यापकांना जरूर विचारा.